बिलिंगचं वेळापत्रक

पॅराग्लायडिंगसाठी बिलिंगच्या टेक-ऑफवर, म्हणजे उडायच्या उतारावर, सकाळी साडेआठला पोचलं तर चहा पिण्यापलीकडे करण्यासारखं काही नसतं. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा, एकतर मान टाकून लटकलेला असतो, नाहीतर डोंगराकडून दरीकडे हलकासा उडत असतो. म्हणजे वारा पाठीमागून. पाठीमागच्या वाऱ्यात ग्लायडर घेऊन उतारावरून पळायचं म्हणजे विंगला, म्हणजे त्याच्या कापडी पंखाला, हवा मिळायला तेवढंच जास्त पळायचं, आणि पुढे उतार संपलेला असतो.

तरी आमच्या प्रशिक्षकांनी पहिल्याच सकाळी आम्हाला मुद्दाम एवढ्या लवकर वर नेलं. हार्नेसच्या, म्हणजे पायलटच्या बसायच्या पट्ट्यांच्या, बॅगा जीपमध्येच ठेवायला लावल्या, प्रत्येकाच्या हातात वही दिली आणि टेक-ऑफच्या कडेला गवतावर बसवलं. दर पंधरा मिनिटांनी लिहायचं: वारा कुठून, किती, ऊन कुठल्या उतारावर, ढग कुठे. आमच्यापैकी सगळ्यांचा बेसिक कोर्स झालेला, बुटक्या टेकड्यांवर सोलो उडून आलेले. आम्हाला वाटत होतं, आल्या आल्या हवेत जाऊ. हातात वही बघून दोघांचे चेहरे उतरले. मला मात्र बरं वाटलं. समोरचा उतार बघून पोटात गोळा आला होता, त्याला जरा सवड मिळाली.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी: बीर हे हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातलं गाव, बैजनाथजवळ, धौलाधार रांगेच्या पायथ्याशी. बिलिंग त्याच्या डोक्यावर, सुमारे 2,400 मीटरवर. मधला रस्ता 14 किलोमीटरचा, वळणावळणाचा, देवदार आणि बुरांसच्या जंगलातून जाणारा. उडायचं बिलिंगवरून, उतरायचं खाली बीरलगतच्या चौगानच्या मैदानावर. दोन्हींच्या उंचीत साधारण साडेनऊशे मीटरचा फरक. कुठेही उचल मिळाली नाही, तर पॅराग्लायडर सेकंदाला एक मीटरहून थोडा जास्त खाली येत राहतो, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आत तुम्ही मैदानावर. त्यापेक्षा जास्त वेळ वर राहायचं असेल तर वर जाणारी हवा शोधावी लागते, आणि ती शोधण्यासाठीच जगभरातले पायलट इथं येतात. 2015 साली पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप इथं झाला. धौलाधारची दक्षिणेकडे तोंड केलेली भिंत पूर्व-पश्चिम लांबवर पसरली आहे. दिवसभर ऊन घेणारी अशी सलग भिंत सहज सापडत नाही.

वहीत काय उतरलं ते सांगते. रात्रभर गार झालेली हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते, म्हणून सकाळचा वारा उलटा. ऊन आधी पूर्वेकडे तोंड केलेल्या सोंडांच्या कडांवर पडतं, मग हळूहळू समोरच्या उतारावर. साडेनऊच्या सुमारास विंडसॉक पूर्ण मेला. दहा मिनिटं काहीच नाही. मग एक झुळूक खालून वर आली आणि गेली. पुन्हा शांत. पुन्हा एक, आधीपेक्षा थोडी लांब. तापलेल्या उताराला चिकटलेली हवा गरम होऊन सुटायला लागली होती. तेच थर्मल. सुरुवातीला ते सुटे सुटे येतात, दोन झुळकांच्या मधे सगळं निपचित. अकराच्या आसपास झुळका एकमेकींना जोडल्या गेल्या आणि वारा दरीतून वर असा स्थिरावला. मैदानी पायलट त्याला सरळ 'वारा' म्हणतात, पण इथं तो वारा म्हणजे डोंगराचा उच्छ्वास असतो. खालच्या मैदानावर त्याच क्षणी हवा वेगळीच चाललेली असू शकते.

दुपारी एक ते तीन हा जोराचा काळ. थर्मल ताकदवान, त्यांच्या कडा धारदार, दोन थर्मलच्या मधली हवा तितक्याच जोरानं खाली जाणारी. नवशिक्यांनी या वेळात जमिनीवर असावं, असं आमच्या प्रशिक्षकांचं ठाम मत होतं आणि त्यात ते तडजोड करत नसत. चारनंतर ऊन तिरपं होतं, डोंगर निवतो, आणि पुन्हा एकदा हवा मऊ होते. खाली दरीत दिवसभर साठलेली ऊब तेव्हा हळूहळू वर सरकते. हवा इतकी गुळगुळीत होते की ब्रेकवर, म्हणजे विंगची मागची कड ओढायच्या हँडलवर, बोटं टेकवून बसलं तरी चालतं. मग सूर्य रिजमागे, म्हणजे डोंगराच्या धारेमागे, जातो, आणि वारा पुन्हा उलटतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे वेळापत्रक जवळपास रोज पाळलं जातं, म्हणून तो इथला मुख्य हंगाम. मार्च ते मे दुसरा. तेव्हा थर्मल अधिक तापट असतात आणि दुपारी ढग वाढून गडगडाटाचा धोकाही. पावसाळ्यात, 15 जुलै ते 15 सप्टेंबर, हिमाचलात पॅराग्लायडिंगला सरकारी बंदी असते. सोलो उडणाऱ्यांनी आल्यावर नोंदणी करायची, लायसन्स आणि विम्याचे कागद दाखवायचे. कंटाळवाणं काम आहे, पण एकदा उरकलं की उरकलं.

दुपारी आम्हाला खाली आणून ग्राउंड हँडलिंगला लावलं. ज्याला हे करायचं असेल त्यानं आधीच समजून घ्यावं: पॅराग्लायडिंगचं बरंचसं शिक्षण पाय जमिनीवर असताना होतं. चौगानच्या मैदानाच्या एका कडेला विंग पसरायची, वाऱ्याला पाठ करून तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं, ए रायझर, म्हणजे विंगच्या पुढच्या दोऱ्यांचे पट्टे, ओढून तिला डोक्यावर आणायचं आणि तिथंच ठेवायचं. डोक्यावर आलेली विंग म्हणजे दाव्याला बांधलेलं अवखळ वासरू. जिकडे ओढ घेते तिकडे आपणच दोन पावलं जायचं, ब्रेकनं नुसतं अडवत बसलं की ती आडवी पडते. मला डावीकडे सरकायची सवय लवकर लागली, उजवीकडे शरीर सहज वळेना. प्रशिक्षक मैदानापलीकडून ओरडत, "दीदी, हाथ नहीं, पैर! पैर चलाओ!" संध्याकाळी हात नव्हे, पोटऱ्या दुखत होत्या. त्यावरूनच कळलं की काहीतरी बरोबर चाललंय.

दुसऱ्या सकाळी हार्नेस बाहेर निघाले.

टेक-ऑफवरची तपासणी सगळे वरवर करतात, हे मी इथं डोळ्यांनी पाहिलं. गर्दी असते, मागून टँडमवाले, म्हणजे प्रवाशाला सोबत घेऊन उडणारे, घाई करतात, जीप पुढच्या फेरीला खाली जायची असते. आमच्याकडे मात्र ठरलेला क्रम होता आणि तो मोठ्यानं बोलायचा. हेल्मेट, बक्कल. पायाचे दोन्ही पट्टे. हे दोन पट्टे विसरून उडालेला माणूस टेक-ऑफनंतर हार्नेसमधून खाली घसरतो आणि काखेतल्या पट्ट्यांवर लोंबकळत राहतो. या खेळातल्या जुन्या, टाळता येण्यासारख्या मृत्यूंपैकी हा एक प्रकार. मग छातीचा पट्टा. दोन्ही कॅराबिनर, म्हणजे हार्नेस विंगला जोडणाऱ्या कड्या, बंद आणि लॉक. रायझरला पीळ नाही. स्पीड बारची, म्हणजे वेग वाढवायला पायानं ढकलायच्या दांड्याची, दोरी मोकळी. शेवटी रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीचं पॅराशूट. प्रशिक्षक वाकून माझ्या हार्नेसच्या कडेला असलेल्या कप्प्याचा कापडी पडदा उचलून बघत. आत दोन वाकड्या पिना दोन छोट्या लूपमधून गेलेल्या असतात. लाल हँडल ओढलं की त्या सुटतात आणि पॅराशूट बाहेर येतं. जीपच्या टपावर आदळत आलेल्या बॅगेत यातली एक पीन अर्धी सरकलेली सापडणं अगदी शक्य असतं. तसं झालं तर रिझर्व्ह नको त्या वेळी उघडतं. ते बोटानं पीन पूर्ण आत ढकलत, पडदा लावत, मग हँडलवर माझाच हात ठेवून घेत. डोळे मिटून ते सापडायला हवं.

मग लाइन्स, म्हणजे विंगच्या दोऱ्या. विंग उलगडून घोड्याच्या नालेच्या आकारात पसरली की रायझर हातात धरून लाइन्सकडे एक नजर टाकायची. माझ्या ब्रेकच्या लाइनमध्ये बोटभर लांबीची वाळकी काटकी अडकली होती. तेवढ्यानं विंगची मागची कड एका बाजूला ओढली गेली असती आणि टेक-ऑफ करतानाच मी वळले असते. काढायला पाच सेकंद लागले.

बुटक्या टेकडीवरून आलेल्यांना बिलिंगला एक गोष्ट पायांनी शिकावी लागते. एवढ्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाचव्या हिश्श्यानं विरळ असते. विंगला तेवढीच उचल मिळवायला दहा-बारा टक्के जास्त वेग लागतो. म्हणजे ज्या धावेनं तुम्ही इतके दिवस आरामात उचलले जात होता, ती इथं पुरत नाही. सकाळी वारा मंद असला तर फॉरवर्ड लाँच करावा लागतो. त्यात विंग पाठीमागे असते, दिसत नाही. वर आली हे खांद्यांवर पडलेल्या ताणावरून ओळखायचं, मान वर करून एक क्षण बघायचं, ब्रेकनं तिला सावरायचं आणि मग खरंच पळायचं. पाय जमिनीवरून सुटले तरी हवेत चार पावलं टाकायची. लगेच हार्नेसमध्ये बसायचा मोह टाळायचा.

टँडमच्या प्रवाशांचे टेक-ऑफ फसतात ते बहुतेक इथंच. जाहिरातीत 'काही करावं लागत नाही' सांगितलेलं असतं, म्हणून माणूस तीन पावलं पळून खाली बसतो आणि त्याचं सगळं वजन पायलटवर येतं. तुम्ही टँडमला जाणार असाल तर 'बसा' असं ऐकू येईपर्यंत पळत राहा. घोट्याला आधार देणारे बूट घाला. आणि पायलटला लायसन्स विचारायला लाजू नका. चांगला पायलट रागावत नाही.

माझा नंबर आला तेव्हा सव्वा अकरा झाले होते. वारा दरीतून सरळ वर, ताशी बारा-पंधरा किलोमीटर. प्रशिक्षक शेजारी उभे. मी "रेडी" म्हटलं, ते काही बोलले नाहीत. एक झुळूक येऊन गेली. दुसरी आली. "अभी नहीं." टेक-ऑफच्या खाली, उजव्या सोंडेवर दोन गिधाडं गोल फिरत वर येत होती. त्यांची चक्कर आमच्या समोरून वर गेली आणि मग ते म्हणाले, "अब जाओ." थर्मल सुटून गेल्यावर मागे एक निवांत खिडकी असते, तीत त्यांनी मला सोडलं. सुटत असलेल्या थर्मलच्या कडेवर टेक-ऑफ केला तर विंग एकदम वर येते, पुढे झेपावते, आणि नवख्याला ती सावरता येत नाही.

पायाखालची जमीन निघून गेली असं वर्णन सगळे करतात. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं की डोंगर मागे सरकला. देवदारांचे शेंडे, पलीकडे खाली पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, बीरच्या तिबेटी वस्तीतल्या गोम्पांची सोनेरी छपरं, त्याहून खाली चहाचे मळे. आणि शांतता नव्हतीच. लाइन्सची शीळ सतत वाजत असते, व्हेरिओ पिपपिप करतो, रेडिओवर कुणीतरी कुणालातरी रागावत असतं.

व्हेरिओ म्हणजे तुम्ही वर जाताय की खाली हे आवाजानं सांगणारं यंत्र. वर जाताना पिपपिप जलद आणि उंच सुरात, खाली जाताना लांबट रडका आवाज. प्रत्यक्षात आधी कळतं ते बुडाला. डावी मांडी उचलल्यासारखी झाली तर थर्मल डावीकडे आहे. विंग त्या बाजूला वर उचलली जाते आणि तुम्हाला उजवीकडे, म्हणजे थर्मलच्या बाहेर, ढकलू बघते. तिचं ऐकायचं नाही. वजन डावीकडे टाकायचं, डावा ब्रेक हळू ओढायचा आणि त्या उचलीत वळायचं. पहिल्या चकरेत अर्धं वर्तुळ वर, अर्धं खाली. जिकडे वर गेलो तिकडे वर्तुळ सरकवायचं. पुन्हा. चार-पाच चकरांनी व्हेरिओ सलग वाजू लागला आणि टेक-ऑफवरची माणसं खाली राहिली.

थर्मलमध्ये शिरायचे नियम वाहतुकीसारखेच कडक आहेत आणि ऑक्टोबरात बिलिंगच्या आभाळात ते रोज कामाला येतात. पहिला पायलट ज्या दिशेनं फिरतोय त्याच दिशेनं सगळ्यांनी फिरायचं. खालून वर येणाऱ्याला वरचा माणूस दिसत नाही, त्याच्या डोक्यावर स्वतःचीच विंग असते, म्हणून वाट वरच्यानं द्यायची. रिजच्या कडेनं समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे तो सरळ जाणार, दुसऱ्यानं बाहेर वळायचं. टँडम कुठूनही येतात असं धरून चालायचं. हा शेवटचा नियम कुठल्या नियमावलीत नाही, आमच्या प्रशिक्षकांचा आहे.

एका क्षणी उजवीकडे फडफड असा आवाज झाला आणि विंगचं उजवं टोक आत दुमडलं. कोलॅप्स. थर्मलची कड ओलांडताना त्या बाजूला वरून हवा पडते आणि कापड आतल्या दाबासकट चिमटतं. शिकवलं होतं तेच केलं: वजन उघड्या बाजूला, डावीकडे, डावा ब्रेक फक्त दिशा सरळ राहील इतकाच, मग बंद बाजूला एक खोल ओढ आणि सोड. ब्रेक अर्ध्यावर आणेपर्यंत टोक आपोआप उघडलं होतं. नवशिक्यांसाठीच्या ईएन-ए वर्गातल्या विंग तशाच घडवलेल्या असतात. चाचणीत त्यांना मुद्दाम दुमडून बघतात आणि त्या फारशी ढवळाढवळ न करता सावरल्या तरच तो दर्जा मिळतो. वरच्या डी वर्गातली वेगवान विंग हीच गोष्ट फार उद्धटपणे करते. म्हणून 'थोडी फास्ट विंग घेऊ का' असं पहिल्याच वर्षी विचारणाऱ्यांना मी घेऊ नका म्हणते. मग ते घेतात.

मागची रांग हा बिलिंगचा खरा धोका. रिजच्या वर चढलं की उत्तरेला एकामागे एक उंच डोंगर दिसतात, बर्फाच्या रेषा दिसतात, आणि उंची मिळालेली असल्यानं तिकडे जावंसं वाटतं. तिकडे उतरायला जागा नाहीत. दऱ्या अरुंद, जंगल उभं, आणि डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा गोल गोल घुसळते, त्या रोटरमध्ये कुठलीच विंग टिकत नाही. तिथं उतरलेल्या किंवा पडलेल्या पायलटांना शोधायला दिवसच्या दिवस लागल्याचे प्रसंग घडले आहेत आणि सगळे जिवंत सापडलेले नाहीत. मोबाइलची रेंज जाते, म्हणून पश्चिमेला पालमपूर-धर्मशाळेकडे लांब जाणारे पायलट सॅटेलाइट ट्रॅकर जवळ ठेवतात. आम्हाला आखून दिलेली हद्द साधी होती: पहिल्या रिजच्या मागे जायचं नाही, आणि टेक-ऑफच्या उंचीखाली आलं की डोंगर सोडून दरीकडे निघायचं.

खाली येणं हा वेगळाच विषय आहे आणि त्याबद्दल कुणी पुरेसं बोलत नाही. दुपारकडे झुकताना मैदानाभोवतीची शेतंही तापतात आणि त्यांतूनही थर्मल सुटतात. मी विंडसॉकच्या वाऱ्याआडच्या बाजूला 'एस' काढत उंची कमी करत होते आणि व्हेरिओ पिपपिप करत मला परत वर नेत होता. रेडिओवर सूचना आली, "बिग इअर्स." दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या ए लाइन्स ओढल्या की विंगची दोन्ही टोकं आत दुमडतात, कापड कमी होतं आणि खाली जायचा वेग वाढतो. ठरलेल्या उंचीवर त्या सोडल्या, वाऱ्याकडे तोंड केलं, हात वर. मैदानाच्या कडेला विजेच्या तारा आहेत, त्यांच्याकडे बघायचं नाही. माणूस जिकडे बघतो तिकडे जातो. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर ब्रेक पूर्ण खाली. दोन पावलं धावले आणि उभी राहिले. विंग पुढे पडली, तिथल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती प्रत्येकासाठी वाजवतात.

पुढच्या दिवसांत एकदा सकाळपासून आभाळ पांढुरकं होतं. उंच, पातळ ढगांचा पडदा. प्रशिक्षकांनी बघितलं आणि जीप सांगितली नाही. दहापर्यंत वारा छान वाटत होता, बरेच लोक उडत होते. आमच्यातल्या एकाची चिडचिड झाली, सुट्टी मोजून घेतलेली. दुपारी दरीच्या तोंडाशी ढग काळे व्हायला लागले. वाढत्या ढगाखालची हवा एवढ्या जोरानं वर ओढते की खाली यायचं म्हटलं तरी येता येत नाही. तेव्हाही एका टँडम कंपनीची जीप प्रवासी भरून वर निघालेली मी बघितली. पैसे घेतलेले असले की परत फिरायला जड जातं. पण प्रवाशाला ढग वाचता येत नाहीत, ते काम त्याच्या वतीनं कुणीतरी करायचं असतं, आणि तेच काम त्या जीपमध्ये कुणी करत नव्हतं.

त्या दिवशी गच्चीवर बसून एका वयस्क पायलटकडून हँग ग्लायडिंगबद्दल ऐकायला मिळालं. बिलिंगची पहिली ओळख हँग ग्लायडिंगची होती, ऐंशीच्या दशकात इथं त्याच्या रॅली व्हायच्या. पॅराग्लायडर नंतर आले. जगातही क्रम तोच. फ्रान्सिस रोगालो या अमेरिकन अभियंत्यानं लवचीक कापडी पंखाच्या पेटंटसाठी 1948 मध्ये अर्ज केला, त्याच कल्पनेतून हँग ग्लायडर वाढले. उतारावरून पळत चौकोनी पॅराशूट घेऊन उडायचा प्रयोग फ्रान्समधल्या मिउसीत 1978 मध्ये झाला.

हँग ग्लायडरला ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो. पायलट त्याखाली पालथा लटकतो, त्रिकोणी दांडा धरून. दांडा पोटाकडे ओढला की नाक खाली जातं, वेग वाढतो. पुढे ढकलला की वेग कमी. वळायचं तर शरीर बाजूला सरकवायचं. कापड ताणलेलं असल्यानं ते पॅराग्लायडरसारखं दुमडत नाही, वेग खूप जास्त, एक मीटर खाली येताना चौदा-पंधरा मीटर पुढे सहज जातो. माझी विंग आठ-नऊ जाते. मग इथं हँग ग्लायडर दिसत का नाहीत? त्यांनी हातानं रस्त्यावरची वळणं दाखवली. घडी केलेला हँग ग्लायडरही पाच-सहा मीटर लांब असतो आणि वजन तीस किलोच्या आसपास. तो जीपच्या टपावर बांधून ही वळणं घ्यायची, वर जोडत बसायचं, आणि वेगात उतरायला लांब सपाट जागा शोधायची. इथली शेतं पायऱ्यांची. माझी विंग पाठीवरच्या बॅगेत मावते आणि टेनिसच्या कोर्टएवढ्या तुकड्यावर उतरू शकते. भांडण तिथंच मिटलं.

त्यांनी हँग चेक कसा करायचा ते खुर्चीवर पालथं पडून दाखवलं. टेक-ऑफच्या आधी एकानं ग्लायडर धरायचा, पायलटनं त्याखाली खरंच आडवं व्हायचं आणि हार्नेस ग्लायडरला अडकवलेला आहे हे शरीराच्या वजनानं पडताळायचं. सगळं जोडून झालं, हेल्मेट घातलं, आणि हूक अडकवायचाच राहिला असे पायलट होऊन गेले आहेत. ते पळत गेले, आणि ग्लायडर त्यांना सोडून गेला. गच्चीवरचे सगळे गप्प झाले, मग कुणीतरी आपल्या पायाच्या पट्ट्यांचा विषय काढला.

संध्याकाळी ढग विरले. मैदानावर जाऊन विंगा उलगडल्या, कारण ओलसर घडीत राहिल्या तर कापडाला बुरशी धरते आणि उन्हात जास्त वेळ ठेवल्या तर कोटिंग उडतं. सावलीत वारा देऊन, सेल, म्हणजे विंगचे कप्पे, एकावर एक बसवून घडी घातली. तेवढ्यात प्रशिक्षकांनी फोनवर दुसऱ्या दिवसाचा अंदाज दाखवला: तीन हजार मीटरवर उत्तरेचा वारा, ताशी तीस किलोमीटर. उत्तरेचा म्हणजे डोंगरावरून पलीकडून येणारा. टेक-ऑफवर विंडसॉक वारा समोरून आलेला दाखवेल, कारण थर्मल तो वारा काही काळ अडवून धरतात, आणि दोनशे मीटर वर गेलं की सगळं उलटं. ग्रुपवर संदेश आला: कल ग्राउंड हँडलिंग, दस बजे, पानी साथ लाना. चिडलेल्या मुलानं अंगठा टाकला. मी रिव्हर्समध्ये, म्हणजे विंगकडे तोंड करून, उजवीकडे वळायचा सराव करायचं ठरवलं.